चढावर झोपणारा वायपर

वाशीमच्या कापूस बाजाराच्या फाटकाला लागून माझं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि वर टीन, पण कुठलीही बातमी आधी रुखमाबाईकडे येते, मग गावात जाते. नवरा होता तेव्हा मला 'चौकशी कचेरी' म्हणायचा. म्हणू दे. एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय मला भाकर गोड लागत नाही.

मोठा दुष्काळ सरून पाऊस पुन्हा बरा पडायला लागला, त्या साली बाजारात एकाच कंपनीच्या तीन हिरव्या पिकअप गाड्या आल्या. पेट्रोलवर चालणाऱ्या, पुढे केबिन, मागे मालाला उघडी जागा. एक माणिकचंद सेठची, एक अनसिंगच्या देवमनची, एक आसेगावच्या रामरावांची. दसऱ्याला घेतल्या तेव्हा तिघा मालकांचे पाय जमिनीवर नव्हते. पावसाळा लागला आणि तिन्ही गाड्यांची रडगाणी माझ्या बाकड्यावर सुरू झाली. खड्ड्यात दणका बसला की दाराची काच आपोआप खाली जाते. एखाद्या दाराची वर अडकून बसते, मग हँडल नुसतं गरगर फिरतं. आणि वायपर मनाला येईल तेव्हा चालतो. अकोल्याला ज्याच्याकडून गाड्या घेतल्या तो म्हणाला, "गाडीत काही खोट नाही, तुमचे ड्रायव्हर अडाणी आहेत." म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर.

मला त्या गाड्यांचं एवढं वाटलं नसतं. पण त्या वायपरपायी गंगूचा संसार मोडायला निघाला, तेव्हा मी त्यात पडले.

गंगू म्हणजे माणिकचंद सेठच्या ड्रायव्हरची, गोविंदसिंगची बायको. गोविंदसिंग एकेकाळी प्यायचा. मुलगी झाली तेव्हा गंगूनं त्याला सांगून टाकलं होतं, "आता पेले तर मी पोरीले घेऊन मेडशीले, बापाकडं. न्यायले येजा नोका." तेव्हापासून त्यानं सोडली. दिवेलागणीला त्याचे सोबती गुत्त्याकडे वळायचे आणि हा माझ्याकडे येऊन चहा मागायचा. तोंड वाकडं करून प्यायचा, पण चहाच प्यायचा.

पोळा तोंडावर आला होता. मेडशीच्या पुढचा घाट चढताना, भर दुपारी, मुसळधार पावसात गोविंदसिंगची पिकअप समोरून उतरणाऱ्या बैलगाडीला घासली. माणसं वाचली, पण एका बैलाचं शिंग मोडलं. गाडीवान कोण असावा? गंगूचा बाप, रामधन. पोळ्याला ज्या शिंगाला रंग लावायचा, बेगड लावायची, तेच मोडलं, आणि मोडलं कोणी तर जावयानं. रामधननं रागारागानं केबिनचं दार उघडलं, तर सीटखाली मोहाच्या दारूची अर्धी बाटली.

बापाचा निरोप गाडीआधीच वाशीमला पोचला; गाडी आल्यावर गंगूनं सीटखाली वाकून बाटली पाहिली आणि संध्याकाळच्या एसटीनं पोरीला घेऊन मेडशीला निघून गेली.

"मी थेंबभर नाई पेलो, मावशी," गोविंदसिंग माझ्यापुढे बसून रडत म्हणाला. "चढावर वायपर बंद पडला. काचीतून काईच दिसे ना. हात बाहीर काढून काच पुसावं म्हटलं, तं माह्या बाजूची खिडकी उतरेच ना."

"अन बाटली?"

"ते काच पुसाले ठेवली व्हती."

मी कपाळावर हात मारला. दारूनं काच पुसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पण त्यानं नीट सांगितलं तेव्हा त्यात अर्थ निघाला. वायपरचा भरवसा नसला की आमच्याकडचे ड्रायव्हर बटाट्याची फोड काचेवर घासतात, कोणी कांदा, कोणी तंबाखू. मग थेंब काचेवर धरत नाहीत, पाणी पसरून वाहून जातं. आता माणिकचंद सेठ जैन. कांदा-बटाटा त्यांच्या घरात नाही, दुकानात नाही, तर गाडीत कुठून चालणार? तंबाखूचा तर वाससुद्धा त्यांना चालत नाही. गोविंदसिंगनं डोकं लढवलं आणि बटाट्याच्या जागी दारू आणली. सेठचा नेम पाळायला निघाला आणि स्वतःचा मोडल्याचा पुरावा सीटखाली घेऊन फिरला. असलं शहाणपण आमच्या वाशीमलाच सुचावं!

सेठ तसे न्यायी माणूस. त्यांनी गोदामाच्या आवारात गाडी उभी करवली, स्वतः किल्ली फिरवली, काचेवर बादलीभर पाणी ओतायला लावलं. वायपर टकटक टकटक चालला. पुन्हा ओतलं, पुन्हा चालला.

"वायपर तर चालून राहिला, गोविंद," सेठ म्हणाले. "मग बंद काय पडलं होतं, तुझे डोळे?"

जमलेली माणसं हसली. गोविंदसिंग मान खाली घालून उभा राहिला. खरं सांगते, माझा त्याच्यावर अर्धाच विश्वास होता. पण माझं डोकं भलत्याच ठिकाणी अडकलं. तिन्ही गाड्या चालवणारे सांगतात वायपर बंद पडतो, आणि आवारात मात्र तो बंद पडत नाही. हे असं का? मला दोन दिवस चहात साखर किती टाकली ते कळेना.

देवमन आला तेव्हा मी त्याला बाकड्यावरून उठूच दिलं नाही. हा स्वतःची गाडी स्वतः चालवणारा, विचार करून बोलणारा माणूस. त्याचे वडील नागपूरच्या दीक्षेला गेलेले, त्यामुळे घरात नारळ-लिंबू काही नाही. तेच धरून रामराव त्याला डिवचत होते, "देवमन, गाडीपुढं नारळ फोडला असता तं वायपर बंद पडला नसता."

"तुमी तं फोडला ना, रामराव? सेठच्या गाडीले तं लिंबू-मिरचीबी बांधेल हाये. मंग तुमचे दोघाईचे काहून बंद पडतात?"

रामरावांनी चहात लक्ष घातलं.

"थांब," मी म्हटलं. "तुझा नेमका कुठं बंद पडते?"

"मेडशीच्या घाटात. चढाले हळू हळू व्हत जाते अन झोपूनच घेते. उतरताना मात्र असा सपासप चालते का काच फुटते का काय, असं वाटते."

"रामराव, तुमचा?"

"कापूस भरला का," रामराव म्हणाले. "रिकाम्या गाडीत तसा बरा चालते."

चढ आणि ओझं. आवारात चढही नाही आणि ओझंही नाही. देवमननं अर्धा कप तसाच ठेवला, आणि आम्ही दोघं थेट शेजारच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीनं गाडीचं तोंड उघडून एक बारीक रबरी नळी दाखवली. एक टोक वायपरला, दुसरं इंजिनाला. या वायपरला विजेची मोटर नव्हतीच. इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर तो हलायचा. गाडी उभी असली, उतारावर असली, की इंजिनाची ओढ जोरात. भरल्या गाडीनं चढावर पाय दाबला की ती ओढ संपते आणि वायपर मरतो. डोंगर चढणाऱ्या माणसाला वर चूलही फुंकायला सांगा, तसंच ते. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त दिसायला पाहिजे, नेमकं तिथंच दिसणार नाही. ज्यानं कोणी ही अक्कल काढली त्याला मेडशीच्या घाटात बसवायला हवं होतं.

"पण सेठले हे एका पावसायात समजलं काहून नाई?" देवमननं विचारलं.

ते मला ठाऊक होतं. सेठचा चातुर्मासाचा नेम. पावसाळ्यात जीवजंतू फार होतात, चालताना पायाखाली मरतात, म्हणून दिवाळीपर्यंत सेठ गावाची शीव ओलांडत नाहीत. आपल्याच गाडीत ते पावसात कधी बसले नव्हते.

मी सेठकडे जाऊन नळीची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. "नळीचं पटलं, रुखमाबाई. पण बाटलीचं कोण पटवून देणार?"

"ते मले नाई, गंगूले पटलं पायजे," मी म्हटलं. "एक दिवस गाडी द्या. अन भरून द्या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळपासून झड लागलेली असताना, सरकीची पोती लादून आम्ही मेडशीला पोचलो. माझ्या बाजूची काच पहिल्याच खड्ड्यात खाली गेली होती, त्यामुळे मी अर्धी भिजलेली. रामधन ओसरीत बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकत होता. एका शिंगाच्या जागी फडकं बांधलेलं. त्यानं जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही.

गंगू दारात आली. "मावशी, बाटली म्या सोताच्या डोयानं पाह्यली."

"बाटली पाह्यली. वायपर पाह्यला का?"

"मले काय करा लागते वायपर पाहून?"

"मंग जन्मभर बापाच्या ओसरीत बसशीन अन खरं काय ते तुले कधी समजनार नाई. चालते?"

तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं, पोरीला रामधनपाशी ठेवलं आणि पदर खोचून गाडीत आमच्या दोघांच्या मध्ये बसली. बसताना नवऱ्याला म्हणाली, "बंद नाई पडला तं मी तिथीच उतरीन. पायी वापस येईन. मंग पुन्हा तोंड दाखवजा नोका."

गोविंदसिंगनं देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. आणि खरं सांगू का, मीही घेतलं. मेला वायपर आज नेमका चालला तर?

गाव संपेपर्यंत तो टकटक चालला. गंगू माझ्याकडे वळून कडू हसली. मग घाट लागला. गोविंदसिंगनं पाय दाबला. वायपर मंदावला. एकदा इकडे गेला, दम खाऊन तिकडे गेला, आणि काचेच्या मधोमध उभा राहिला. पुढची सगळी काच पांढरी झाली. रस्ता नाही, झाडं नाहीत, काही नाही. गोविंदसिंग एका हातानं खिडकीचं हँडल फिरवत होता, ते गरगर फिरत होतं, काच जागची हलत नव्हती.

पुढून कुठून तरी घुंगरांचा आवाज आला.

"थांबवा!" गंगू किंचाळली. "माय वं, थांबवा ना!"

त्यानं पाय उचलला, ब्रेक दाबला. त्याबरोबर मेलेला वायपर झोपेतून उठल्यासारखा सपासप चालायला लागला, आणि धुतलेल्या काचेतून दिसली समोरची बैलगाडी. बैलांच्या ओल्या पापण्या मोजता आल्या असत्या, इतकी जवळ.

बैलगाडी बाजूनं घुंगरं वाजवत निघून गेली. गंगूनं नवऱ्याची बाही घट्ट धरली होती. मला वाटलं आता ती म्हणेल, चुकलं माझं. ती तसं म्हणालीच नाही.

"तुमी रोज असेच जाता?" तिनं विचारलं. "आंधये?"

"पानी असलं का असंच," तो म्हणाला.

ती रडायला लागली. बाटलीचं नाव तिनं काढलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, कारण माझेही डोळे भरून आले होते आणि ते मला कोणाला दाखवायचे नव्हते.

परतताना तिनं पोरीला घेतलं, आणि घरी न जाता गाडी सरळ सेठच्या गोदामापुढे उभी करवली. सेठ गादीवरून उठून बाहेर आले.

"सेठजी," गंगू डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "पायाखाली किडामुंगी मरू नाई म्हणून तुमी चार महिने गावाची वेस नाई वलांडत. लय चांगला नेम हाये. मंग माह्या मानसाले आंधयं करून घाटात काहून धाडता? तुमी चौमासा पायता, तसा तुमच्या गाडीनंबी पायला पायजे."

असं सेठशी कोणी बोललं नव्हतं. सेठ गाडीजवळ गेले. वायपर अजून मजेत टकटक चालत होता.

"गोविंद, किल्ली दे," ते म्हणाले.

गंगूचा चेहरा उतरला. नोकरी गेली, असं मलाही वाटलं. सेठनी किल्ली घेतली, आत गेले, आणि देवघराच्या खुंटीवर, जपाच्या माळेशेजारी अडकवून आले.

"दिवाळीपर्यंत तिथंच राहील," ते म्हणाले. "तोवर तू गोदाम सांभाळ. विजेचा वायपर बसवू, खिडक्या नीट करू. मग त्या घाटात आधी मी बसेन तुझ्याशेजारी."

गोविंदसिंगनं सीटखाली अजून तशीच पडून असलेली ती अर्धी बाटली काढली आणि गंगूच्या हातात दिली. तिनं तिथंच, सेठच्या दारापुढच्या नालीत, ती शेवटच्या थेंबापर्यंत ओतली.