प्रकाश परत येईना

शिंचूच्या विद्यापीठातली शिए सरांची प्रयोगशाळा जुलैअखेर बंद होणार होती. सर निवृत्त होत होते, यंत्रं दुसरीकडे जायची होती. आणि जू-यिनची पीएचडी एका मोजमापावर अडली होती.

काम सांगायला सोपं. रुबिडियमच्या अणूंचा अतिशय थंड ढग करायचा आणि त्यात प्रकाशाचा एक स्पंद सोडायचा. सोबतचा दुसरा लेसर विझवला की स्पंद अणूंत आपली खूण ठेवून थांबतो, पुन्हा लावला की बाहेर येतो. मार्चपर्यंत तो नीट येत होता. आता जरा जास्त वेळ थांबवला की काहीच परत येत नव्हतं.

सरांची बायको लिएन-हुआ हिवाळ्यात गेली. तेव्हापासून सर यायचे, खुर्चीत बसायचे आणि घरी जायचे. आज सकाळी मात्र ते बाह्या सारून टेबलापाशी उभे राहिले.

"मार्चनंतर काय बदललं?"

"काहीच नाही, सर. सगळं दोनदा तपासलं."

"नशीब सोडून सगळं," आ-खाय मागून म्हणाला. तो जू-यिनच्याच बरोबरीचा विद्यार्थी. "पाकीटसुद्धा नवं लावलं हिनं, तरी यंत्र रुसलेलंच."

यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून इकडे सगळीकडे त्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात. पिवळं चालत नाही, मुदत संपलेलं तर मुळीच नाही.

"आधी लिएन-हुआ काकू बदलायच्या ना," जू-यिन म्हणाली. "जुन्याची मुदत संपली होती. यंत्रावर शिळं कसं ठेवायचं? म्हणून मीच आणलं."

सर वाकून बघायला लागले. "चिकटवलंयस कशानं?"

"सारखं पडत होतं, म्हणून..." तिचा चेहरा उतरला. "चुंबकानं."

पाकीट अणूंच्या ढगापासून वीतभर अंतरावर होतं. इतक्या जवळच्या चुंबकानं अणूंतली खूण विस्कटून जाते.

"वा! बाळाला निजवायचं आणि उशाशी ढोल बडवायचा!" आ-खाय म्हणाला.

"गप रे! तूच रोज त्याला हात जोडायचास."

सर हसले. खूप महिन्यांनी हसले, त्यामुळे मधेच खोकला आला.

"ती दोऱ्यानं बांधायची," ते म्हणाले. "फार विचार करून नाही, तिला गाठी मारायची हौस. ती गेल्यावर हे कोण बघतंय, माझ्या डोक्यातही आलं नाही. तू बघितलंस, बाळ. तुझे उपकार आहेत."

"सर, मी तर सगळं बिघडवलं."

"बिघडलेलं दुरुस्त होतं. आण दोरा."

चुंबक काढला, पाकीट बांधलं. ढग पुन्हा थंड झाला. जू-यिननं स्पंद आत सोडला, लेसर विझवला, नेहमीपेक्षा जास्त थांबली आणि मग लावला.

पडद्यावर एक लहानसा उंचवटा उठला; स्पंद परत आला होता. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा उठला. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"रडणं नंतर," सर म्हणाले. "आधी मोजमाप पुरं कर. तोवर मी आणि आ-खाय तिघांपुरत्या शेवया घेऊन येतो. आज मी इथेच जेवणार आहे."