राहिलेलं उद्यापन

आज मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी चालेल. माझ्यावर आजवर बरेच जण बसलेत, विश्वासाचं तेवढं राहिलं म्हणून काय बिघडलं?

मी एक जुना मुढा आहे, मित्रांनो. हरियाणातल्या मानेसरच्या पलीकडे एका तळ्याकाठी माणसाहून उंच गवत वाढतं. त्याच्या वाळक्या काड्या बांधून मला डमरूचा आकार दिला आणि वर सुतळीची बैठक विणली. मी तयार झालो त्याच दिवशी एक पैलवान माझ्यावर बसला, त्याच्या मांडीवर त्याची म्हैस बसली, आणि मी हूं की चूं केलं नाही. मला पंजाबी येते, हरियाणवी येते, हिंदी आणि मराठी येते. माणसं भाषा डोक्यानं शिकतात म्हणे. मला वरून जे लाभलं ते डोकं नव्हतं, तरी माझ्या चारही भाषा पक्क्या आहेत.

पूर्वी बेटा, तू अशी पुढे बस. तू तेव्हा एवढीशी होतीस, तुला काही आठवत नसणार. ते बरंच आहे.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या या सरकारी क्वार्टरांत मला सतवंत कौर यांनी आणलं. सगळी कॉलनी त्यांना बीजी म्हणे. थंडीत दुपारचं ऊन जिन्यापाशी आलं की त्या मला तिथं ओढत, मांडीवर मटारच्या शेंगा घेत आणि बोलू लागत. त्याच सुमारास समोरच्या घरात आपल्या या पूर्वीची आजी, विठाबाई, मुलाकडे कायमच्या राहायला आल्या. त्या बीजींच्या समोर पायरीवर बसत आणि शेंगा सोलू लागत. हात बरोबरीनं चालत, पण हिंदीच्या नावानं पूज्य.

त्यांची सून अक्षता परदेशी पाहुण्यांना हिंदी शिकवायची. परकी भाषा माणसाच्या अंगवळणी कशी पडते, यावर जाड जाड पुस्तकं वाचायची. त्या वर्षी तिचं मत असं होतं, की भाषा म्हणजे सवय. पुन्हा पुन्हा म्हणा, विचार करू नका, जीभ आपोआप वळेल. तिनं सासूबाईंकडून घोकून घेतलं, की समोरचं माणूस बोलायचं थांबलं की म्हणायचं, ‘बहुत अच्छा, धन्यवाद.’ विठाबाईंची जीभ खरोखरच वळली.

एका दुपारी बीजी आपल्या गुड्डीबद्दल बोलल्या. गुड्डी त्यांची थोरली. तापानं गेली होती, लग्न ठरलेलं असताना. सांगून झालं, बीजी थांबल्या, आणि पायरीवरून उत्तर आलं, ‘बहुत अच्छा, धन्यवाद.’

माझ्या काड्यांतून तेव्हा जी कळ गेली, ती म्हशीच्या वेळीही गेली नव्हती. बीजींनी ओंजळभर शेंगदाणे विठाबाईंच्या पदरात टाकले आणि मटार सोलत राहिल्या. संध्याकाळी कुणाकडून तरी अर्थ कळला, तेव्हा विठाबाई जेवल्या नाहीत.

अक्षताला फार वाईट वाटलं. तिनं दुसरं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, की तान्हं मूल आधी कितीतरी दिवस नुसतं ऐकतं आणि मग बोलतं. मोठ्यांनाही तसं गप्प राहू द्यावं. कान भरले की शब्द आपणहून बाहेर येतात. ती म्हणाली, “आई, आता तुम्ही फक्त ऐका. मौनाचा काळ असतो तो.”

पुस्तकवाल्यांना कल्पना नसेल, मित्रांनो, पण मौन हा शब्द विठाबाईंना पुस्तकाच्या आधीपासून ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यांनी तळहातावर पाणी घेतलं, संकल्प सोडला आणि हिंदीचं मौनव्रत धरलं.

घरात मराठी चाले. पायरीवर मात्र शब्द नाही. बीजी बोलत आणि त्या ऐकत. दुसऱ्या थंडीत त्यांना निम्मं कळू लागलं, तिसऱ्या थंडीत सगळं. हे मी शपथेवर सांगतो. गुड्डीच्या चुन्नीचा, म्हणजे ओढणीचा, रंग बीजी चुकीचा बोलल्या, तर विठाबाई मान हलवून तो दुरुस्त करत.

एवढ्यात अक्षताचं पुस्तक पुन्हा बदललं. आता लिहिलेलं होतं, की भाषा बोलूनच येते. अडखळावं, चुकावं, समोरच्यानं सावरून घ्यावं. सगळ्यात मोठी आडकाठी भीतीची. तिनं मौन सोडायला सांगितलं. विठाबाई म्हणाल्या, “व्रत असं मधेच टाकता येत नाही गं. उद्यापन करावं लागतं. संक्रांतीला तिळगूळ देईन आणि बोलेन.”

काय बोलणार, ते त्यांनी स्वयंपाकघरात कितीदा तरी पुटपुटून पाहिलं होतं. त्यांचा सुजय लहानपणी विहिरीत गेला होता. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. ते त्यांना बीजींना सांगायचं होतं, म्हणजे त्या एका धन्यवादाचं ओझं उतरलं असतं.

पण बीजींचा मुलगा निवृत्त झाला होता आणि क्वार्टर सोडायचा दिवस संक्रांतीच्या आधीच आला. सामान पुढं गेलं. बीजींनी मला पायरीपाशी ठेवलं, हा आता तुमचा, असं विठाबाईंकडे बोट केलं आणि टॅक्सीत बसल्या. विठाबाई तिळगुळाचा डबा घेऊन धावल्या.

आणि मग, मित्रांनो, मौन सुटलं! रेल्वेत घोषणा करणाऱ्या बाईनंही लाजावं अशी हिंदी. सुजय सांगितला, विहीर सांगितली, क्षमा मागितली. पार शेजारच्या सरोजिनी नगरपर्यंतच्या रिक्षा उभ्या राहिल्या. बीजी उतरल्या, दोघी गळ्यात पडल्या, ड्रायव्हर डोळे पुसत होता. म्हणून सांगतो, माझी सुतळी सैल झाली तरी मला जिन्याखाली टाकू नका, आणि मनातलं जे सांगायचं असेल ते…

“झूठ,” पूर्वी म्हणाली. “आजी काहीच नव्हती बोलली. मी होते ना तिथे. तिचे ओठ हलले, आवाजच नाही आला. बीजींनी डबा घेतला, तिच्या गालाला हात लावला आणि टॅक्सी गेली. मग आजी परत आली, तुझ्यासमोर पायरीवर बसली. तेव्हा बोलली. ‘मेरा भी एक गया था, बीजी. नौ साल का था.’ आणि तुझ्यावर कोणी बसलेलंच नव्हतं.”