चमकणारी गोगलगाय

प्रयोगशाळेतल्या फोटोग्राफर बाईंचा नवरा तिथेच गोगलगायींवर संशोधन करायचा. एका जातीचा शंख निळ्या प्रकाशात हिरवट चमकतो, असं त्याला दिसलं. त्याने प्रमुखांना सांगितलं, परिषदेत भाषणासाठी नाव दिलं आणि घरी आईलाही सांगितलं. आईला सांगितलं म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

"नीट फोटो काढून दे," तो बायकोला म्हणाला. "माझा जरा हललाय."

"फिल्टर कुठला लावला होतास?"

"पिवळा."

"पिवळे दोन आहेत. फिकट आणि गडद."

"कपाटात पुढे होता तो."

पुढे फिकट होता. शंखावर टाकलेला निळा प्रकाश भिंगाच्या दारातच अडवायचा आणि वस्तूची स्वतःची चमक तेवढी आत घ्यायची, हे फिल्टरचं काम. फिकट फिल्टर थोडा दिव्याचा प्रकाशही आत सोडतो.

त्यांनी शंखाशेजारी एक स्टीलचा चमचा आणि हायलायटरने रेघ मारलेला कागद ठेवला. रेघ चमकायलाच हवी, चमचा चमकता कामा नये. दिवे बंद करून फिकट फिल्टरने फोटो काढला. तिन्ही चमकले.

नवरा स्क्रीनजवळ वाकला. "चमचा का चमकतोय?"

"तेच बघू."

लाल फिल्टर लावला, तर रेघसुद्धा दिसेना. तो फारच कडक निघाला. मग गडद पिवळा लावला. रेघ लख्ख उठून आली. चमचा गेला. शंखही गेला.

"पुन्हा काढ," नवरा म्हणाला. बाईंनी पुन्हा काढला. शंख पुन्हा गेला.

तो स्टुलावर बसला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि थोड्या वेळाने त्याने स्वतःच प्रमुखांना फोन लावला. प्रमुख म्हणाले, भाषणाआधी कळलं ते बरं झालं. त्यांनी फक्त चमचा कुठल्या कंपनीचा, एवढं विचारलं.

घरी आईला सांगणं जास्त अवघड गेलं.

"म्हणजे चमकत नाही?" आईने विचारलं.

"नाही."

"कधीच चमकत नव्हती?"

"नाही, आई."

आईने हातातली भाजी निवडून संपवली. "ती चमकायची थांबली, असं मी सांगते," ती म्हणाली. "शेजारच्यांनी पाहुण्यांना गोगलगाय बघायला आणू का म्हणून विचारलंय."

दुसऱ्या दिवशी नवरा दुसऱ्या जातीच्या गोगलगायी घेऊन बायकोच्या टेबलाशी आला. अजून कोणालाच सांगितलेलं नाही, असं त्याने आधी सांगून टाकलं.