मी काही म्हणत नाही

लिफ्टवालीचं इंग्रजी तिसऱ्यांदा इंटरमीडिएट निघालं, तेव्हा तिने निकालाच्या कागदाची चौघडी केली आणि पान्यांच्या पेटीत, सगळ्यात तेलकट कप्प्यात कोंबली. बारा वर्षं ती लिफ्ट दुरुस्त करत होती. तिने आजवर बाहेर काढलेल्या माणसांत एक नवरदेव होता, एक दातांचा डॉक्टर होता आणि एकच वकील दोनदा होता. पण कंपनीने ठरवलं होतं, की इन्स्पेक्टर व्हायचं तर अ‍ॅडव्हान्स्डचं सर्टिफिकेट हवं, कारण इन्स्पेक्टर रिपोर्ट लिहितो. महिनाअखेरपर्यंत ते आणलं नाही तर ती जागा साहेबांच्या मेहुण्याला जाणार होती. मेहुण्याचं इंग्रजी अ‍ॅडव्हान्स्ड होतं. मशीन रूम त्याने पाहिली नव्हती, आणि लिफ्टचा तोल राखणारं काउंटरवेट ही जिममध्ये उचलायची वस्तू आहे अशी त्याची समजूत होती.

"पण माझं चुकलं काय?" तिने क्लासच्या सरांना विचारलं.

सरांना सगळे 'कदाचित सर' म्हणत. ते स्वतःचं नाव सांगतानाही आधी 'कदाचित' म्हणतील, अशी अफवा होती.

"चुकलं असं म्हणता येणार नाही, मॅडम," सर म्हणाले. त्यांच्यापुढे तिचा पेपर होता. घरमालकाला तक्रारीचं पत्र लिहायचं होतं. तिने इंग्रजीत लिहिलं होतं: नळ गळतो. दुरुस्त करा. "व्याकरण निर्दोष आहे. पण कदाचित हे जरासं... स्पष्ट आहे."

"स्पष्ट आहे म्हणून मार्क कापलेत?"

"कापले नाहीत. ते मिळाले नाहीत." सरांनी चष्मा पुसला. "अ‍ॅडव्हान्स्ड माणूस नळ गळतो असं म्हणत नाही. नळाच्या संदर्भात काहीशी ओलसर परिस्थिती उद्भवल्याचं जाणवतं, असं म्हणतो."

"आणि तोवर खालच्या घरात पाणी गेलं तर?"

"मग तो दुसरं पत्र लिहितो."

लिफ्टवालीची कानशिलं तापली. आयुष्यभर ती एकच गोष्ट शिकली होती, की अडकलेल्या माणसाशी सरळ बोलायचं. आणि आता ती गोष्ट विसरली तर तिला बढती मिळणार होती! निघता निघता तिने सांगितलं, "सर, तुमची लिफ्ट चार दिवस मध्येच थांबतेय. मी बघू का?"

"ते विचाराधीन आहे," सर म्हणाले.

घरी सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. लिफ्टवालीने ताट वाढलं. सासूबाईंनी एक घास घेतला आणि भिंतीकडे बघितलं.

"मीठ कमी आहे असं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. "कमी खाल्लेलं बरंच असतं म्हणतात. तू दमून येतेस. तुझ्या हातून होतं तेवढं खूप आहे. आमच्या वेळी काय, कामं कमी, म्हणून मीठ लक्षात राहायचं. मी आपली बोलले. मी काही म्हणत नाही."

नवऱ्याने मुकाट्याने उठून मिठाची वाटी आणली.

लिफ्टवाली घास तसाच हातात धरून बसली. सात वाक्यं झाली होती. त्यात 'मीठ आण' असं कुणीही कुणाला म्हटलं नव्हतं, तरी मीठ आलं होतं, शिवाय आपण बारा वर्षं घराकडे दुर्लक्ष केलं असं तिला वाटू लागलं होतं. ही बाई अ‍ॅडव्हान्स्ड होती. घरात फुकट कोचिंग चालू होतं आणि ती क्लासला सात मजले चढत होती.

"आई," ती म्हणाली, "परत एकदा म्हणा."

"काय म्हणू? मी काही म्हटलंच नाही."

चौथ्या परीक्षेच्या दिवशी ती ड्युटीवरून तशीच, पान्यांची पेटी घेऊन क्लासच्या इमारतीत पोचली. लिफ्टच्या दारावर सरांच्या हस्ताक्षरात इंग्रजी सूचना होती. तिचा अर्थ असा: काही प्रसंगी जिन्याचा पर्याय अधिक सुखावह ठरू शकेल, याची सुज्ञांनी नोंद घ्यावी ही नम्र अपेक्षा.

"काका, ही पाटी कसली?" तिने वॉचमनला विचारलं.

"व्यायामाची असेल, ताई. हल्ली फार सांगतात ना."

"आत कोणी गेलंय का?"

"सर गेले की आत्ताच."

वरून 'खट्' असा आवाज आला. तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. पाटी लिहिणारा माणूसच आत अडकला होता. पाटीत 'काही प्रसंगी' असं लिहिलेलं होतं, आणि आजचा प्रसंग त्यातला नसावा असा त्याचा समज झाला होता.

काकांना घेऊन ती धावत मशीन रूममध्ये गेली. तिने मेन स्विच बंद केला, काकांच्या हाती ब्रेकचा दांडा दिला, म्हणेन तेव्हाच ओढा म्हणून बजावलं आणि लिफ्ट सरकवणाऱ्या मोठ्या चाकाला हात घातला. लिफ्ट सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये, अगदी त्यांच्या पायाखाली होती. दोर खाली जातात त्या भोकांतून सरांचा आवाज आला. इंग्रजीत.

"कोणी उपलब्ध असल्यास, किंचितशी गैरसोय निर्माण झाली आहे असं नमूद करावंसं वाटतं."

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

"अडकलेत."

"मग तसं म्हणायचं ना!"

आतल्या माणसाशी बोलत राहायचं, हा तिच्या धंद्याचा नियम. तिने घड्याळ बघितलं. अकरा. तिची तोंडी परीक्षा सुरू व्हायची हीच वेळ. चाक फिरवता फिरवता तीही इंग्रजीत बोलू लागली.

"सर, आपली सुटका होणारच नाही असं म्हणणं धाडसाचं ठरेल."

"म्हणजे होणार की नाही?"

"त्या दिशेने काही प्रयत्न होत असल्याचं दिसतं."

"कोण करतंय प्रयत्न?"

"ते वाक्यात यायलाच हवं का सर? कर्ता लपवायचा, असं तुम्हीच शिकवलंत."

"मॅडम, तुम्ही आहात? अजून किती वेळ?"

"वेळ ही सापेक्ष बाब आहे, असं काहींचं मत आहे."

"ओपन द डोअर!" सर किंचाळले.

"सर, हे इंटरमीडिएट झालं," लिफ्टवाली म्हणाली. तिचा हात मात्र एक क्षणही थांबला नव्हता. बोलणं अ‍ॅडव्हान्स्ड असलं तरी काम सरळच चालू होतं.

लिफ्ट सातव्याला लागली. तिने खाली येऊन त्रिकोणी किल्लीने दार उघडलं. सर घामाने निथळत बाहेर आले, खुर्चीत बसले, दोन ग्लास पाणी प्यायले आणि तोंडीच्या रकान्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड' लिहिलं. माणूस प्रामाणिक होता, एवढं कबूल करायला हवं.

लेखी राहिली. प्रश्न होता: सार्वजनिक ठिकाणासाठी सूचना लिहा. लिफ्टवालीने पेन उचललं. सासूबाई तिच्या ओठांवर होत्या. पण बारा वाजता नवी तुकडी यायची होती, तीस पोरं, आणि त्यांनी म्हटलं की काका मेन स्विच चालू करून देणार. तिने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: लिफ्ट बंद आहे. आत जाऊ नका.

सरांनी ते वाचलं. ते उठले, चिकटपट्टी घेतली, जिन्याने खाली गेले आणि आपली पाटी फाडून तिची उत्तरपत्रिका लिफ्टच्या दारावर चिकटवली. धापा टाकत वर आले, खुर्चीत बसले.

"झालं. आता मार्क द्या," ती म्हणाली.

"उत्तरपत्रिका तपासणीसाठी टेबलावर असणं अपेक्षित असतं," सर म्हणाले. "ती सध्या टेबलावर नाही."

"तुम्हीच चिकटवलीत!"

"चिकटवली गेली," सर म्हणाले.

लिफ्टवालीच्या मनात जे आलं ते मराठीत दोन शब्दांचं होतं, आणि दोन्ही इथे लिहिता येत नाहीत. कागद काढून आणला असता तर तीस पोरं लिफ्टमध्ये शिरली असती. नाही आणला तर मेहुणा इन्स्पेक्टर होणार. ती पेटी घेऊन पुन्हा लिफ्टकडे गेली. सातव्याच्या दाराच्या लॉकचा कॉन्टॅक्ट सैल झाला होता. एक स्क्रू. इतके दिवस विचाराधीन असलेला एक स्क्रू! तिने तो आवळला, मेन स्विच चालू केला, लिफ्ट रिकामी चार वेळा वर-खाली पाठवली, पाचव्यांदा स्वतः बसून खाली गेली, कागद सोलून काढला आणि सरांच्या टेबलावर आपटला.

सरांनी चष्मा लावला. "लिफ्ट आता चालू आहे ना?"

"आहे."

"मग 'लिफ्ट बंद आहे' हे विधान कदाचित वस्तुस्थितीला धरून नाही."

लिफ्टवालीने ओरडायला तोंड उघडलं. पण बाहेर आल्या त्या सासूबाई, शुद्ध इंग्रजीत.

"बरोबर आहे सर. तुमचंच सेंटर, तुमचीच लिफ्ट. माझ्यासारखीने काय बोलावं? तुम्ही रोज जाता-येता. सवय असेल. आज मी होते, उद्या मी नसेन. कोणीतरी येईलच, साहेबांचे मेहुणे आहेत, त्यांचं इंग्रजी फार छान आहे. तुम्ही आतून बोला, ते बाहेरून बोलतील. छान गप्पा होतील. मी काही म्हणत नाही."

सर पांढरे पडले. "पण दुरुस्त झालीय ना? नक्की?"

"मी काही म्हणत नाही."

ती एक अक्षरही खोटं बोलली नव्हती. सरांनी सही केली, शिक्का मारला आणि सर्टिफिकेट दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. मग छत्री उचलून ते जिन्याकडे गेले.

लिफ्टवाली लिफ्टने खाली आली.

"काय झालं, ताई?" काकांनी विचारलं.

"पास."

"आणि सर?"

"येतायत. जिन्याने."

तिने पेटीतून तिसऱ्या निकालाचा तेलकट कागद काढला, त्याच्या मागे मराठीत लिहिलं: लिफ्ट चालू आहे. तो दारावर चिकटवून ती कामावर गेली. काकांनी वाचलं, आत शिरले, गंमत म्हणून सातव्यापर्यंत जाऊन आले.

तेवढ्यात सर कठडा धरत खाली पोचले. पाटीपुढे थांबले. चष्मा पुसला. आणि या तीन शब्दांत तिला नेमकं काय सुचवायचं असेल, याचा विचार करत बराच वेळ तिथे उभे राहिले.