घरटी एक

"म्हणजे परीक्षा घेणार आहेत का तुमची?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"पाहणी गं, मनाची पाहणी! दहाव्यांदा सांगतोय."

मीटरवाले काका सकाळी सातपासून सजून बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर उत्तरांची पाच पानं. पाणीखात्यात छत्तीस वर्षं घरोघर मीटर वाचत फिरलेला हा माणूस, पण निवड म्हणून त्याची कशातच झाली नव्हती. बढतीच्या यादीत नाव कायम शेवटच्या पानावर. सोसायटीच्या कमिटीवर एकदा बिनविरोध येणार होते, तर नेमकी निवडणूकच रद्द झाली.

आणि गेल्या आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं! उतारवयातल्या मनाचा अभ्यास करायचाय, त्यासाठी आठ हजार घरांतून चिठ्ठ्या टाकून चारशे काढली आणि त्यांत तुमचं घर आहे. काकांनी ते पत्र सगळ्या इमारतीला दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा तर जळफळाट झाला.

"मानसशास्त्राची पुस्तकं मी वाचलीत. खरं म्हणजे मला घ्यायला हवं होतं."

"मास्तर, तिथं हुशारी चालत नाही," काका म्हणाले, "नशीब लागतं!"

दहाला बेल वाजली. काकांनी ती पुरती वाजूही दिली नाही. दारात खांद्याला पिशवी अडकवलेली, घामाघूम झालेली मुलगी उभी होती. आत येऊन पाणी पिऊन तिनं पहिलाच प्रश्न टाकला.

"काका, घरात साठीच्या वरचे किती?"

"दोन. मी आणि ही."

"मग दोघांतलं एकच. घरटी एक."

"आहे की मी! विचारा!"

मुलगी हसली. "तसं नाही. पुढे येऊन बोलणाऱ्यांनाच घेत गेलो, तर बोलक्या माणसांचीच मनं कळतील. म्हणून नियम आहे, ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याला घ्यायचं."

"पुढच्या महिन्यात चार तारखेला!" काका जवळजवळ ओरडलेच. "आलाच म्हणून समजा."

"आणि काकूंचा?"

काकांनी छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "हिचा ना... तो आपला... थंडीत असतो."

"भर उन्हाळ्यात," आतून आवाज आला. "परवा आहे."

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको हात पुसत बाहेर आली. "अगं, त्यांनाच घे. आठवडाभर घोकलंय बिचाऱ्यांनी. मला मेलीला काय कळतंय?"

"बदली चालत नाही, काकू."

"मग मी सांगतो हिच्या वतीनं," काकांनी शेवटचा प्रयत्न केला. "हिच्या मनातलं मला नाही तर कुणाला कळणार?"

"अंदाजे नको, काका."

हा शब्द काकांच्या चांगला ओळखीचा होता. घराला कुलूप असलं की मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढायची, रकान्यात आकडा भरायचा आणि पुढे 'अंदाजे' लिहून मोकळं व्हायचं. आत खरं किती पाणी वाहिलं, ते बघायला कोण जातंय?

"आणि तुम्हाला जरा बाहेर बसावं लागेल. उत्तरं गुप्त असतात."

काकांनी स्वतःसाठी पुसून ठेवलेल्या खुर्चीत बायको बसली, अगदी कडेला. त्यांनी तिच्याजवळ पाण्याचा पेला ठेवला, पानं उचलली आणि जिन्यात जाऊन बसले. दार बंद झालं.

दहा मिनिटांत आटपेल, त्यांना वाटलं. ही दिवसाला दहा वाक्यं बोलते, त्यांतली चार तर 'जेवायला या'. अर्धा तास झाला. आतून हसू ऐकू आलं, चांगलं खळखळून. हे हसू कधी ऐकलं होतं ते काकांना आठवेना. तास उलटला. मग आतून तिचा खालचा, संथ आवाज येऊ लागला. दाराला कान लावायचा त्यांना भयंकर मोह झाला. ते उठले आणि दोन पायऱ्या खाली जाऊन बसले.

मास्तर पिशवी घेऊन उतरत होते. "काय हो, निवड झाली होती ना तुमची?"

"झाली की!" काका म्हणाले, आणि त्यांची छाती खरोखरच फुगली. "हिची झाली! आठ हजार घरांतून!"

"मग तुम्ही इथं?"

"मी बाहेर. नियम आहे."

मास्तर गेल्यावर काकांनी पाचवं पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. खिशातलं पेन काढून त्यांनी वळणदार अक्षरात परवाची तारीख लिहिली. त्याखाली 'हिला काय आवडतं' असं लिहिलं. पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि पुढची जागा मोकळी सोडून टोपण लावलं.

आत ती अजून बोलत होती.