एका शब्दाची हाक

शुश्रूषागृहाची गाडी दुपारी जेवणं झाल्यावर येणार होती आणि बेबीचा हात सकाळपासून वडिलांच्या कपड्यांवरून पुढे सरकत नव्हता. पंचेचाळिशी उलटली, डोक्यात चांदी आली, तरी घरात ती बेबीच. सदरा घडी करून पिशवीत ठेवायचा, पुन्हा बाहेर काढायचा, असं तिचं चाललं होतं.

जायचं बाबांनीच ठरवलं होतं. आदल्या दिवशी डॉक्टर तपासायला आले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "न्या." का, कशासाठी, काही नाही. त्या एका शब्दावर आई जी गप्प झाली ती अजून गप्पच होती. स्वयंपाकघरात भांडी तेवढी बोलत होती.

बाबांचा जन्म तारऑफिसात गेला. लोक मरणाची बातमीसुद्धा शब्द मोजून कळवत, त्या काळातला हा माणूस. दुसऱ्यांचे शब्द मोजता मोजता स्वतःचेही मोजायला लागला. "पाणी." "चष्मा." "पुरे." आई नेमकी उलटी. तिला साधं मीठ आणायला सांगायचं असलं तरी आधी "अहो, ऐकलं का," मग जरा दम घ्यायचा, तिकडून "हं" आलं की मग मीठ. लहानपणी बेबी म्हणायची, आईच्या बोलण्यात आधी बराच वेळ नुसतं इंजिनच येतं.

दुखण्यानंतर बाबांचा आवाज बसला. त्यांची खोली पुढे, स्वयंपाकघर पार मागे, मध्ये लांबलचक बोळ, आणि आईचे गुडघे गोळीवर चालणारे. म्हणून बेबीने दोन डब्या आणल्या. एक बाबांच्या उशाशी, एक ओट्यावर. उशाशी बोललेलं ओट्यावर ऐकू येणार. डब्या तिच्याच कंपनीच्या, आणि त्यांच्या आत चालणारी प्रणाली लिहिणाऱ्यांत ती स्वतः. यंत्राला झोपवायचं हेच तिचं काम. खोलीत आवाज नसला की डबीने डोळे मिटायचे, म्हणजे सेल पुरतात. आवाज आला की उठायचं. "महिनोन्‌महिने सेल बदलायला नकोत," ती तोऱ्यात म्हणाली होती. आईने लगेच बाबांच्या उशाशी वाकून परीक्षा घेतली, "अहो, ऐकलं का, मी म्हणते, हे खरंच चालतं का?" ओट्याजवळ उभ्या असलेल्या बेबीला डबीतून खणखणीत ऐकू आलं, "हे खरंच चालतं का?" सगळी हसली. बाबांना बोलून बघा, असं कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांत त्या डबीतून बाबांची हाक एकदाही आली नाही. कधीमधी जराशी खरखर, बस. आई आपली ठरल्या वेळी जेवण, औषध घेऊन जायची आणि बेबीला फोनवर म्हणायची, "हाकच मारत नाहीत गं. यांना माझं काही नकोसंच झालंय."

बेबीने शेवटचा सदरा उचलला, तेव्हा बाबांनी डोळे उघडले. दाराकडे बघत म्हणाले, "अगं."

हाक आईला होती. उशाशी डबीचा हिरवा दिवा लागला, पण तोवर हाक संपूनही गेली होती, आणि दिवा लगेच विझला. मागे भांडी वाजत राहिली. पावलं आली नाहीत.

"बघितलंस?" बाबा म्हणाले.

"काय, बाबा?"

"येत नाही."

"तुम्ही अशा रोज हाका मारता?"

"मारायचो. कंटाळतो माणूस. तिची चूक नाही."

बेबीने डबी उचलून तिचं बटण बंद केलं. दिवा हाकेनंतर लागला होता. यंत्राच्या झोपेच्या दोन तऱ्हा असतात. एक डुलकी, तिच्यातून झटक्यात जाग येते पण सेल लवकर संपतात. दुसरी गाढ झोप, तिच्यात सेल वाचतात पण उठून डोळे चोळून कान उघडेपर्यंत दीडएक सेकंद जातो. एवढ्याने कुणाचं काय बिघडतं, असं म्हणून बेबीनेच गाढ झोप निवडली होती. परीक्षेच्या दिवशी आईचं "अहो, ऐकलं का" त्या सेकंदात वाहून गेलं आणि मुद्दा शाबूत पोचला. बाबांचा सगळा मुद्दाच एका शब्दाचा. डबी जागी व्हायची तेव्हा ऐकायला काही उरलेलंच नसायचं.

"बाबा, आईला ऐकूच गेलं नाही हो! ही डबी झोपते. मी झोपवलीय तिला."

"डबीवर ढकल."

"देवाशपथ सांगते..."

"पुरे," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

बेबी धावत स्वयंपाकघरात गेली. सगळं ऐकून आई होती तिथेच खाली बसली.

"म्हणजे हाका मारत होते?"

"हो गं."

"आणि मी इथे बसून रुसत होते." तिने ओट्यावरच्या डबीकडे असं पाहिलं की तिचं आता काही खरं नव्हतं. "जाते मी. सांगते त्यांना."

"नाही मानणार. त्यांना वाटतंय आपण समजूत घालतोय."

"खरंय. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. दोन महिने त्यांना वाटलं असेल, ही सोंग घेऊन पडलीय." आई ओट्याला धरून उठली. "तू तान्ही होतीस तेव्हा मी कशी झोपायचे, एक कान उघडा ठेवून. तशी झोपव मेलीला!"

बेबीने उशाजवळची डबी लॅपटॉपला जोडली. गाढ झोपेची ओळ खोडली, झोपू नकोस म्हणून लिहिलं. पहिल्या खेपेला डबी चालूच होईना, दिवाच लागेना. ती देवाचं नाव घेत पुन्हा लिहीत राहिली. ताटं वाढली गेली आणि तशीच उचलली गेली. शेवटी दिवा लागला आणि टिकला. सेलचा भरवसा नको म्हणून तिने वायर भिंतीतल्या प्लगात खुपसली.

"बाबा, आता एकदा हाक मारा. बघा आई येते की नाही."

बाबांनी पांघरूण वर ओढून घेतलं.

"माझ्यासाठी, बाबा. नुसतं 'अगं' म्हणा. एकच शब्द हो!"

"संपले," बाबा म्हणाले.

ती पलंगाच्या कडेला टेकली. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. थोड्या वेळाने चाकांची खुर्ची घेऊन गाडीवाला दारात आला.

"कोणाला न्यायचंय? उचलू का?"

बेबीने पिशवी स्वतःकडे ओढली. बाबांनी स्वतःच पांघरूण बाजूला केलं. भरलेल्या पिशवीकडे बघत, कुणालाही उद्देशून नाही, ओठातल्या ओठात पुटपुटले, "गोळी घेतली नसेल हिने."

"घेतली हो घेतली!" मागून स्वयंपाकघरातून आवाज कडाडला. "केव्हाच घेतली! माझ्या गोळीची चौकशी भिंतीशी काय करता?"

बाबांचा हात पांघरुणावर तसाच राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग डबीकडे. दिवा जळत होता.

"ताई, गाडी आडवी लावलीय खाली," गाडीवाला कुरकुरला.

"थांबा!" बेबी ओरडलीच.

बाबांचे ओठ हलले. "अगं."

"आले, आले!" हे बोळातूनच. आई निघालेलीच होती, गुडघ्यांसकट. ओले हात घेऊन ती दारात उभी राहिली, धापा टाकत.

बाबा गाडीवाल्याकडे वळले. "पाणी दे याला. दमलाय," ते बेबीला म्हणाले. "न्या" म्हणाले नाहीत. जायचं नाही, अशी बेबीने गाडीवाल्याला खूण केली. तो काय समजायचं ते समजला आणि खुर्ची मागे वळवू लागला.

आई पलंगावर बसली. "किती हाका मारल्यात हो?"

"मोजल्या नाहीत." आयुष्यभर शब्द मोजणारा माणूस हे म्हणाला.

"काय काय हवं होतं? सांगा. पहिल्यापासून सांगा."

बेबी पाणी आणायला मागे गेली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावरची डबी रिकाम्या खोलीला बाबांच्या आवाजात सांगत होती, "पाणी." मग, "खिडकी." मग पुन्हा, "पाणी." मग बराच वेळ नुसता श्वास, आणि त्यामागून, "नुसतंच."