बाकीच्या खर्चाचं कार्ड

घाबरू नका, वसुलीला आलेलो नाही. मी एक साधं क्रेडिट कार्ड बोलतोय. रंग राखाडी, वर्षाची फी शून्य. काहीही विकत घ्या, शंभर डॉलरमागे दोन परत देतो. एवढंच माझं कौतुक.

कारखान्यात मला प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलं, अंगात चिप बसवली आणि टपालाने अमेरिकेतल्या टोलेडो शहरात व्हर्न काझमारेकच्या घरी धाडलं. व्हर्न पोस्टातून निवृत्त झालेला. त्याची बायको डोरीन तीस वर्षं शाळेची बस चालवायची. पाकिटात शिरलो तर आत आधीच सहा जण दाटीवाटीने बसलेले! एक तर धातूचं, टेबलावर टाकलं की खणकन वाजायचं आणि स्वतःच खूश व्हायचं. कुठे कुठलं कार्ड वापरलं की जास्त पॉइंट मिळतात, हा व्हर्नचा जीव की प्राण विषय. त्याने प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून काम लिहून ठेवलं होतं: पेट्रोल, किराणा, हॉटेल, विमान. माझ्या पाठीवर लिहिलं, 'बाकी सगळं'.

बाकी सगळं म्हणजे छपराची दुरुस्ती, दाताची कॅप, मांजरीचं ऑपरेशन, गाडीचा विमा. ज्या खर्चाला माणसाचं तोंड वाकडं होतं, तो माझ्या वाट्याला. चार वर्षं मी हसतमुखाने राबलो, पण व्हर्नने माझा हिशोब म्हणून कधी उघडून पाहिला नाही.

डोरीनची थोरली बहीण आर्डिस अलास्कात राहते. नऊ वर्षं दोघींची भेट नव्हती. त्या जूनमध्ये आर्डिसला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि डोरीनच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"अरे, तिकिटं काढून टाकू या ना!" ती म्हणायची.

"थांब गं. मेपर्यंत दोन फुकट तिकिटांचे पॉइंट होतात. पैसे देऊन कोण जातं विमानाने?"

किराणा कार्डावर सहापट पॉइंट होते. म्हणून दर शनिवारी दोघं गावाबाहेरच्या मेंबरशिपवाल्या मोठ्या दुकानात जायची आणि गाडी भरून सामान आणायची.

"दोन माणसांना साठ अंडी कशाला रे? आपण काय खानावळ काढलीय?"

"सहापट, डोरीन, सहापट!"

मे उजाडला. व्हर्नने स्वयंपाकघरात कॉम्प्युटर उघडला आणि त्याचा चेहराच उतरला. बँकेला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की त्या दुकानात टायर आणि गाद्याही विकतात, म्हणून बँकेच्या लेखी ते किराणा दुकान नव्हेच. सहापट कुठले, सगळे एकपटच पडले होते. पॉइंट जमले होते एकाच तिकिटापुरते, आणि बँकेतली शिल्लक नुकतीच छपराने खाल्ली होती.

"तू जा एकटी," व्हर्न खाली बघत म्हणाला. "मी मांजरीकडे बघतो."

"आणि आर्डिसला काय सांगू? नवऱ्याला अंड्यांच्या राखणीला ठेवून आले?" डोरीनचे डोळे भरले होते, पण जीभ शाबूत होती. तिने पाकीट ओढलं, मला बाहेर काढलं आणि माझ्या पाठीवरचा नंबर फिरवला. "अहो, ह्या कार्डावर काही परत मिळायचंय का?"

"सहाशे अठ्ठेचाळीस डॉलर, मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली. "चार वर्षांत तुम्ही एकदाही काढले नाहीत."

डोरीनने तो आकडा व्हर्नला मोठ्याने ऐकवला.

"ते दोन टक्केवालं?" व्हर्न म्हणाला. "त्याच्याकडे मी कधी बघितलंच नाही गं."

"ते माहितीये त्याला," डोरीन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. धातूच्या महाशयांचा खणखणाट त्या दिवशी बंद होता.

एक तिकीट पॉइंटांचं, एक माझ्या पैशांतलं. अलास्काच्या विमानतळावर दोघी बहिणी अशा बिलगल्या, की सामानाचा पट्टा तीनदा फिरून गेला तरी बॅग कुणी उचलली नाही. वाढदिवसाला मासे खायला गेलो. बिल आलं आणि दोघी त्याच्यावर एकदमच झडप घालून भांडायला लागल्या.

"माझा वाढदिवस, माझं गाव, मी देणार!" आर्डिस म्हणाली.

"नऊ वर्षं आले नाही मी. गप बस आणि मला देऊ दे," म्हणत डोरीनने मला पुढे केलं. आर्डिसने बिल सोडलं आणि नॅपकिनने डोळे पुसले. व्हर्नने हॉटेलवालं कार्ड पाकिटातच राहू दिलं.

माझी मुदत येत्या ऑक्टोबरात संपते. नवं कार्ड येईल आणि डोरीन मला कात्रीने कापून टाकेल. माझी काही तक्रार नाही. तुमच्याही पाकिटात माझ्यासारखा एखादा असेल, तर आज त्याच्याकडे जरा बघा. आणि काही जमलेलं असेल तर साठवत बसू नका, ज्यांना भेटायचंय त्यांना भेटून या. येतो मी.